प्रॅक्टिकल हो म्हणतात, म्हणजे नक्की काय करू?

भावा, तुझं पत्र लांब आहे, सगळं छापत नाही, आणि फौंड्रीचं नाव, साहेबांचं नाव काढून टाकलंय. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. हा भाऊ कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे, मूळचा प्रयाग चिखलीचा, आता उचगावात फ्लॅट, होम लोन, घरात बायको आणि शाळेत जाणारी पोरगी. ट्रॅक्टरच्या चाकाचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, एसजी आयर्नचा (ज्यातलं ग्राफाइट मॅग्नेशियम घालून गोल केलेलं असतं ते ओतीव लोखंड), त्याचा एक लॉट निघाला. लॅबनं सॅम्पल घेतला लॅडलच्या (वितळलेलं लोखंड ज्यातनं साच्यात ओततात ती बादली) पहिल्या मोल्डचा, म्हणजे साच्याचा, रिपोर्ट ओके आला. ह्याला शंका आली म्हणून ह्यानं शेवटच्या मोल्डमधला एक पीस कापला, पॉलिश केला, मायक्रोस्कोपखाली धरला, तर कस्टमर मागतोय 85 टक्के नोड्युलॅरिटी, म्हणजे ग्राफाइटचे एवढे टक्के कण गोल पाहिजेत, आणि इथं दिसतीय 60 च्या आसपास. साहेब म्हणाले पहिल्या सॅम्पलचा रिपोर्ट आहे की, त्यावर सही कर, गाडी लागलीय. मेहुणा म्हणाला प्रॅक्टिकल हो की रे, हप्ता काय तत्त्वानं भरणार हायस? बायको काहीच बोलली नाही. आणि पत्राच्या शेवटी विचारलंय, "ताई, प्रॅक्टिकल होणं म्हणजे तत्त्वं गुंडाळून ठेवणं का? का मीच बारक्या पोरासारखा हट्ट करालोय? कधी कधी वाटतं राजीनामा साहेबाच्या टेबलावर फेकून यावं. आमच्या घराण्यातच हा गुण नाही बघा, आबांना पुरानंतर सोनतळीत प्लॉट मिळालाय, तरी ते अजून पुराच्या चिखलीतच राहतात."

लॉट होल्डवर टाक, लाल टॅग लाव आणि सही करू नको, एवढं तुला मी लगेच कळवलं होतं आणि तू ते केलंस, चांगलं झालं. आता बाकीचं निवांत बोलू. मी स्वतः बीएस्सी करून फौंड्रीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत, त्यामुळं तुझ्या पत्रातला तो पॉलिशिंगच्या मशीनचा आवाज मला वाचताना ऐकू आला म्हण.

पहिल्यांदा मेहुण्याचं वाक्य घे. त्याच्यात वाईट काही नाही, तो तुझ्या काळजीनंच बोलतोय, ते मान्य. पण त्यानं परिणामाचा विचार कुठं केलाय मला दाखव. हप्ता चुकेल एवढा एकच परिणाम त्यानं धरला आणि तिथंच हिशोब बंद केला. साहेबांचं पण तेच, त्यांचा हिशोब गेटपाशी संपतो, गाडी बाहेर पडली, चलन फाटलं, महिन्याचं डिस्पॅच झालं, विषय मिटला. आणि राग येणार तुला, पण तुझा राजीनाम्याचा प्लॅन पण त्याच माळेतला आहे, तुझा हिशोब साहेबांच्या केबिनच्या दारात संपतो. कागद फेकला, छाती भरून आली, बाहेर येऊन गाडीला किक मारली, पुढं काय? तुझ्या जागी दुसऱ्या दिवशी कोणतरी नवीन पोरगा बसणार, बावीस-तेवीस वर्षांचा, प्रोबेशनवर असलेला, त्याला साहेब तेच म्हणणार आणि तो सही करणार. लॉट जाणारच. म्हणजे तुझी नोकरी गेली आणि हब पण गेला.

मला विचारशील तर प्रॅक्टिकल माणूस तो, जो परिणाम शेवटापर्यंत बघतो आणि त्यातला नको असलेला तुकडा बघायचं टाळत नाही. साधं आहे पण लई जड जातं. आपल्याकडं "चालतंय की" म्हणणाऱ्याला लोक व्यवहारी म्हणतात, मला तर कोल्हापुरातलं सगळ्यात महागडं वाक्य तेच वाटतं, कारण त्याचं बिल नंतर येतं आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर येतं.

तर आपण तुझ्या हबचा हिशोब गेटच्या बाहेर नेऊ. हब मशीनिंगला जाणार, तिथनं ट्रॅक्टर कंपनीत, तिथनं कुठल्या तरी शोरूममध्ये, आणि मग सीझन सुरू झाला की तो ट्रॅक्टर ऊसाला लागणार. तू रोज बघतोस की रे, दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस ट्रॉलीच्या वर हातभर निघालेला, रात्री अकराला कारखान्याच्या रस्त्यावर, मागं रिफ्लेक्टर असला तर असला, ड्रायव्हरनं गाणी लावलेली, खड्डा चुकवायला गाडी एका अंगाला घेतलेली. त्या क्षणी सगळा भार त्या एका चाकावर येतो. ग्राफाइट गोल असलं तर एसजी थोडं वाकतं, ताणतं, सहन करतं, म्हणून तर एवढा मॅग्नेशियमचा खटाटोप करून ते बनवायचं. ग्राफाइट लांबट, वाकडं राहिलं की तडा जायला तिथंच वाट मिळते. आणि चाक निखळलं तर मागनं मोटरसायकलवर कोण येत असेल ते आपल्याला माहीत नाही. हा परिणाम साहेबांच्या हिशोबात नाही, मेहुण्याच्या नाही, आणि तुझ्या पत्रात पण, माफ कर, एका ओळीत सुद्धा नाही. तू "तत्त्व" लिहिलंयस चार-पाच वेळा, ट्रॅक्टरवाला एकदा पण नाही. हेच जर इलेक्ट्रिक मोटारीच्या पायाखाली बसणाऱ्या प्लेटचं नाहीतर नुसतं वजन म्हणून लावायच्या काउंटरवेटचं कास्टिंग असतं तर मी तुला वेगळं सांगितलं असतं, कस्टमरला विचारून खुशाल पाठव म्हटलं असतं. तत्त्व तेच, आकडा तोच 60, पण पीस कुठं बसणार ह्यावर उत्तर बदलतं.

आता साहेबांची बाजू, कारण ते काय व्हिलन नाहीत. महिनाअखेर आहे, इंडक्शन फर्नेसचं वीजबिल तोंडावर आहे, कस्टमरचा परचेसवाला दिवसातनं तीनदा फोन करतोय, मालक ऑफिसमधनं विचारतोय गाडी गेली का. त्या माणसाला आत्ता "सर हे नैतिकदृष्ट्या चूक आहे" म्हणून सांगितलंस तर त्याला ऐकूच येणार नाही. त्याला गाडी भरायचीय. मग प्रश्न असा कर की गाडीत काय भरता येईल.

इथं तुझं ज्ञान उपयोगाला येतं. तुला माहिताय, मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की घड्याळ सुरू होतं, दहाएक मिनिटांत मेटल ओतून संपवायचं असतं, उशीर झाला की मॅग्नेशियम उडत जातं आणि शेवटच्या मोल्डांत ग्राफाइट बिघडतं. म्हणजे सगळा लॉट वाईट नाही! सुरुवातीचे मोल्ड बहुतेक चांगले असणार, मधे कुठंतरी लाइन ओलांडलीय, ती शोधायची. पोअरिंगचं रजिस्टर काढ, लॅडल फर्नेसमधनं किती वाजता भरली, शेवटचा मोल्ड किती वाजता भरला, कुठल्या लॅडलला उशीर झाला, क्रेन अडकली होती का, मोल्डिंग लाइन थांबली होती का. रजिस्टर नीट भरलेलं नसेल (नसणारच, मला माहिताय) तर पीस एकेक करून तपास. अल्ट्रासॉनिकचं व्हेलॉसिटी मीटर तुमच्याकडं नसेल तर भाड्यानं तपासून देणारी माणसं मिळतात, चांगल्या एसजीत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 5,500 मीटरच्या वर येतो, बिघडलेल्यात तो खाली पडतो, पीस न कापता कळतं. तुमच्या हबला नेमकी कट-ऑफ किती धरायची ती मात्र तुमचेच दोन-चार पीस कापून, आधी मीटर आणि मग मायक्रोस्कोप असं बघून ठरव, दुसऱ्या फौंड्रीचा आकडा उचलू नको. आणि हे सगळं करायच्या आधी फेटलिंगमधल्या (कास्टिंग घासून साफ करतात त्या खात्यातल्या) एखाद्या जुन्या माणसाला बोलव, पीस मोकळा टांगून हातोडी मारायला सांग, चांगला पीस खणखणीत वाजतो आणि वाजतच राहतो, बिघडलेला ठक्क करून गप्प होतो. हातोडीवर सर्टिफिकेट देता येत नाही, पण साहेबांना केबिनमधनं बाहेर आणून दोन पीस शेजारी शेजारी वाजवून दाखव, दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा तो ठक्क आवाज जास्त काम करेल.

मग बोलायचं असं, की साहेब, गाडीत एवढे पीस आज जातील, त्यांची सही मी आत्ता करतो, तपासून करतो. एवढे बाजूला काढलेत. हे बाजूचे परत फर्नेसमध्ये जातील, लोखंड वाया जात नाही, जाते ती वीज, वाळू आणि मजुरी, त्याचा आकडा हा. आणि हे पीस कस्टमरकडं जाऊन तिथं सापडले तर सगळा माल तिथं उभा राहून शंभर टक्के सॉर्टिंग, त्याची मजुरी आपल्या नावावर डेबिट, व्हेंडर रेटिंग खाली, पुढची ऑर्डर शेजारच्याला, त्याचा आकडा हा. दोन्ही आकडे एका कागदावर, बास. पूर्ण लॉटच्या संख्येची गरजच असेल तर बॉर्डरवरच्या पीसचा खरा आकडा लिहून कस्टमरकडं डेव्हिएशन, म्हणजे स्पेसिफिकेशनच्या बाहेरचा माल घ्यायची लेखी परवानगी, मागा. डिझाइनवाले कधी कधी हो म्हणतात, बहुतेक वेळा सेफ्टी पार्टला नाही म्हणतात, पण निर्णय घेणाऱ्याला आकडा माहीत असतो, सगळा फरक तिथं पडतो. तुला साहेब जे करायला सांगतायत त्यात निर्णय घेतला जातोय पण ज्यानं घ्यायचा त्याला पत्ताच नाही.

आणि हे पण बघ, सर्टिफिकेटवर सही तुझी असणार. हीट नंबर, म्हणजे फर्नेसच्या त्या घाण्याचा नंबर, कास्टिंगवर उठवलेला असतो, वर्षानं काही झालं तर नंबरावरनं तारीख निघते, तारखेवरनं रिपोर्ट निघतो, रिपोर्टवरनं तुझं नाव. साहेबांचं "कर रे सही" कुठंच लिहिलेलं नसणार. हे भीती घालायला सांगत नाही, मेहुण्याला सांगायला सांगतीय, कारण त्याला हप्त्याची भाषा कळते.

आता तुझा मूळ प्रश्न, तत्त्वं गुंडाळायची का. इथं मला आपल्या शाहू महाराजांचीच गोष्ट आठवते, आणि ती भाषणातली नाही, दसरा चौकात उभं राहिलं की दिसणारी आहे. महाराजांना बहुजनांची पोरं शिकवायची होती. खेड्यातनं पोरगं कोल्हापूरला आलं तर राहणार कुठं, जेवणार कुठं, हा खरा अडसर. म्हणून 1896 ला सगळ्यांसाठी मिळून एक वसतिगृह काढून बघितलं. कागदावर एकदम आदर्श, सगळ्या जातींची पोरं एकत्र. झालं काय, तर तिथं वरच्या जातीचीच पोरं राहिली, ज्यांच्यासाठी काढलं ती आलीच नाहीत. दुसरा कोण असता तर एक तर "माझं तत्त्व बरोबर आहे, समाजच नालायक" म्हणून त्याच वसतिगृहाला कवटाळून बसला असता, नाहीतर "ह्या पोरांना शिकायचंच नाही" म्हणून नाद सोडला असता. महाराजांनी 1901 पासून एकेका समाजाची वेगळी बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली, मराठा, जैन, मग मुस्लिम, लिंगायत, 1908 ला अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जात मोडायला निघालेला राजा जातवार बोर्डिंग काढतोय, वरवर बघितलं तर तत्त्व गुंडाळल्यासारखंच दिसतं की नाही? पण पोरं आली. राहिली, शिकली. आणि त्याच माणसानं 1902 ला नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, 1917 ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड लावला, आणि 1919 ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरं एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. बोर्डिंगं वेगळी चालवली पण शाळा वेगळ्या ठेवल्या नाहीत, हे मला लई महत्त्वाचं वाटतं. कुठं वाकायचं आणि कुठं नाही हे त्यांनी पोरांचं काय होतंय ते बघून ठरवलं, आपल्याला लोक काय म्हणतील त्यावरनं नाही.

ह्या विचाराची तिकडं अमेरिकेत प्रॅग्मॅटिझम नावाची तत्त्वज्ञानाची अख्खी शाखाच आहे, विल्यम जेम्स, जॉन ड्यूई वगैरे मंडळी. जेम्सचं म्हणणं साधारण असं की दोन गोष्टींवर वाद घालत बसलायत तर आधी सांगा, ही खरी धरली काय आणि ती खरी धरली काय, प्रत्यक्षात काय फरक पडतो? फरक पडत नसला तर वाद सोडा, पडत असला तर तो फरक बघा. ड्यूई अजून पुढं जाऊन म्हणतो की साध्य आणि साधन अशी वेगवेगळी काढता येत नाहीत, ज्या रस्त्यानं जाल तोच शेवटी पदरात पडतो. बाबासाहेब कोलंबियात ह्याच ड्यूईंच्या वर्गात बसले होते, आणि तेच बाबासाहेब 1920 च्या मार्चमध्ये आपल्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांबरोबर व्यासपीठावर होते. म्हणजे हा माल काय आपल्याला परका नाही. तू खोट्या रिपोर्टवर घर चालवलंस तर तू "घर चालवणारा" होत नाहीस, खोटे रिपोर्ट देणारा होतोस आणि पुढच्या वेळी साहेब विचारणार पण नाहीत, नुसता कागद सरकवतील.

आणि आता आबांबद्दल, कारण ती ओळ वाचून मला हसूच आलं. तू म्हणतोस ते प्रॅक्टिकल नाहीत. 1989 च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीत प्लॉट मिळाले, मग माणसं तिकडं का जात नाहीत म्हणून शहरातली लोकं दर पावसाळ्यात नाक मुरडतात. पण आबांची जमीन कुठंय? नदीकाठाला. म्हशी कुठं, वैरण कुठं, सकाळचं दूध डेअरीला घालायला किती वाजता निघायचं? सोनतळीत झोपून पहाटे धार काढायला चिखलीत यायचं, हे तुझ्या उचगावच्या फ्लॅटमधनं सोपं वाटतं. तूच पत्रात लिहिलंयस की 2019 च्या पुरात ते शेवटपर्यंत थांबले आणि बोटीनं काढावं लागलं, पण 2021 ला त्यांनी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघितली, 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, ह्यांनी इशारा लागायच्या आधीच जनावरं सोनतळीत नेऊन बांधली आणि पाणी उतरल्यावर परत आणली. अरे भावा, आणि तू ह्याला घराण्याचा दोष म्हणतोस? एका पुरानं शिकवलं ते दुसऱ्या पुरात वापरलं, जमीन पण सोडली नाही, जनावर पण गमावलं नाही. ह्याच्यापेक्षा जास्त प्रॅक्टिकल माणूस मला तुझ्या पत्रात दुसरा दिसला नाही.

बरं, म्हणजे मी तुला सगळीकडं ताठ उभा रहा म्हणतीय असं पण नाही. ऑडिटच्या आदल्या दिवशी फरशीवर पिवळे पट्टे मारायचे असतात, मारून टाक. कॅलिब्रेशनची फाइल नीट लावायची, मालकाच्या पाहुण्यांना प्लँट दाखवायचा, साहेबांच्या जोकला हसायचं, इन्क्रिमेंट उशिरा झालं म्हणून एक महिना गिळायचं, दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेऊन मीटिंग लवकर संपवायची, हे सगळं मी केलंय आणि मला त्याची काही लाज नाही. त्यातनं कुणाचं चाक निखळत नाही. लोक इथं अडून बसतात, पट्ट्यावरनं भांडतात, आणि रिपोर्टवर मात्र सही करून मोकळे होतात, तो प्रकार मला कधी समजला नाही.

राजीनाम्याचं असं आहे. दोन्ही आकडे दाखवून, पीस वाजवून, डेव्हिएशनचा मार्ग काढून देऊन पण साहेब म्हणाले की नाही, सगळ्या लॉटवर सही कर, तर करायची नाही. तोंडानं भांडायचं नाही, मेलवर दोन ओळी लिहायच्या, अमुक हीटच्या शेवटच्या मोल्डची नोड्युलॅरिटी एवढी आली, सोबत फोटो, कस्टमरचं स्पेसिफिकेशन एवढं, म्हणून हे पीस मी होल्डवर ठेवलेत, पुढं काय करायचं कळवा. एवढंच, शब्द जास्त नकोत, आणि एक प्रत मालकांना, कारण कित्येकदा मालकाला हे माहीतच नसतं आणि त्याचं नाव पणाला लागलेलं असतं. ह्याच्यावर नोकरीवरनं काढतील का? शक्यता आहे, मी खोटं सांगणार नाही. म्हणून बायोडाटा आजच अपडेट कर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल तिन्हीकडं ओळखीच्या माणसांना सांगून ठेव, मायक्रोस्ट्रक्चर वाचता येणारा माणूस शोधायला लोकांना त्रास होतो, तुला बसून रहावं लागणार नाही. चार-पाच हप्ते बाजूला पडतील एवढी रक्कम आधी जमव, दिवाळीचा बोनस ह्यावेळी सोफ्यात घालू नको. आणि बायको गप्प होती म्हणतोस, तिला आकडे सांगितलेस का? "तत्त्वाचा प्रश्न आहे" म्हणून सांगितलं असशील तर कोण काय बोलणार त्यावर. तिला सांग हब कुठं बसतो, पैसे किती दिवस पुरतील, दुसरीकडं पगार किती मिळेल, आणि मग विचार, बघ काय म्हणते.

साहेब कदाचित ऐकतील, मला निम्मी-निम्मी शक्यता वाटते. ऐकले तर ते श्रेय त्यांनाच घेऊ दे, मीटिंगमध्ये "सरांनी वेळेत पकडलं" म्हण, तुझं काय जातंय.

बाकी साहेबांचा निर्णय काहीही येऊदे, एक गोष्ट तुला कुणाला विचारायची गरज नाही, ती उद्या पहिल्या शिफ्टलाच कर. लॅबच्या पोराला सांग की इथनं पुढं सॅम्पल लॅडलच्या शेवटच्या मोल्डचाच घ्यायचा आणि रिपोर्टवर मोल्डची वेळ लिहायची. त्यानं कारण विचारलं तर त्याला मायक्रोस्कोपपाशी घेऊन जा आणि पहिल्या आणि शेवटच्या मोल्डचे ते दोन्ही पीस बघायला दे.